एक माणूस जास्त

प्रिय दादा,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तू आता काठीशिवाय फाटकापर्यंत जातोस, हे वहिनीकडून कळलं. टोमॅटोच्या रोपांना पाणी जास्त घातलं म्हणून तू तिच्यावर चिडलास, हेही कळलं. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

तुझ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून मला येऊन परवा तीन वर्षं झाली. निवृत्त होताना तू मोठ्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकलास आणि मला म्हणालास, "सुरक्षेचे नियम पाळवून घ्यायचे म्हणजे काय गं, कागद नीट ठेवायचे, झालं!" दादा, कागद मी नीट ठेवले. माणसं मात्र काही केल्या ठेवता येईनात. मी आत शिरले की मिक्सिंग खात्यातून शिट्टी वाजते, सगळी हेल्मेटं डोक्यावर चढतात, आणि मी वळले की पुन्हा खुंटीवर. मला 'नियमबाई' म्हणतात. प्रशिक्षणाच्या कागदावर एकाच हाताने बारा जणांच्या सह्या केलेल्या असतात, त्याही एकाच पेनाने. तक्रारपेटी उघडली तर आत बिस्किटांचे कागद. मोठ्या साहेबांकडे गेलं की ते मान वर न करता विचारतात, "शंभर टक्के पूर्ण दिसतंय ना? मग झालं तर." सुरुवातीला मी घरी येऊन रडायचे. मग रडणं सोडलं आणि हट्टाला पेटले.

सगळ्यात जास्त छळलं ते आणीबाणीच्या सरावाने. दर तीन महिन्यांनी सकाळी अकरा वाजता भोंगा होतो, सगळ्यांनी बाहेरच्या मैदानात जमायचं आणि डोकी मोजायची, एवढंच. पण पहिली दोन वर्षं निम्मे लोक बाहेरच यायचे नाहीत. कोणाचा चहा अर्धा असायचा, कोणाची बॅच चालू असायची. आकडा कधी जुळलाच नाही, आणि त्याचं कोणाला काही वाटलंही नाही. शेवटी मी मिक्सिंगच्या सुपरवायझरला, त्या लंबूला, हाताशी धरलं. भोंगा झाला की त्याने एकेक खोली रिकामी करायची आणि मगच स्वतः बाहेर यायचं. तीन महिन्यांपूर्वीच्या सरावाला पहिल्यांदा सगळे बाहेर आले. मला इतका आनंद झाला होता! हजेरीवर एकशे चौसष्ट. मी मोजले, तर एकशे पासष्ट.

वाटलं, आपलंच चुकलं. लंबूने मोजले, तेवढेच. गेटवरच्या काकांनी बोट लावून मोजले, तेवढेच. मग मी चुन्याची रेघ मारली आणि नाव पुकारलं की रेघ ओलांडून पलीकडे जायचं, असं सांगितलं. एकशे चौसष्ट नावं पुकारली, एकशे चौसष्ट जण पलीकडे गेले. अलीकडे कोणी उरलं नाही. पलीकडचे पुन्हा मोजले. एकशे पासष्ट. लख्ख ऊन होतं, दादा. प्रत्येकाची सावली दिसत होती. लंबू हसत म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला इतकं पिडलंत की आम्ही वाढलो!" सगळे हसले. मीही हसले, आणि अहवालात एकशे चौसष्ट लिहिले. होय, मीच लिहिले. साहेब म्हणाले, "जुळवून टाका," आणि मी जुळवलं.

त्यानंतर गॅस मास्कचं प्रशिक्षण झालं. प्रत्येकाने एक मास्क लावून बघायचा आणि टोपलीत टाकायचा. मी हजेरीइतकेच मोजून बाहेर काढले होते, बाकीचे खोक्यात, खोक्याला चिकटपट्टी. संध्याकाळी कपाटात ठेवायला खोकं उघडलं, तर सगळ्यात वरच्या मास्कची काच आतून धुरकटलेली. बोट फिरवलं तर ओलं लागलं, कोमट. मी तो तसाच खाली ठेवला आणि बराच वेळ हात धूत बसले.

पुढच्या आठवड्यात लेखी परीक्षा घेतली. तुला माहीतच आहे, सगळे एकमेकांचं बघून लिहितात, चुकासुद्धा त्याच. पण गठ्ठ्यात एक पेपर निघाला, त्यावर नाव नव्हतं. सगळी उत्तरं बरोबर, स्वतःच्या शब्दांत लिहिलेली. तीन वर्षांत नियम वाचलेला हा पहिला माणूस! मी खूश होऊन शोधत होते कोणाचं अक्षर आहे ते, तोवर शेवटच्या प्रश्नाशी आले. टाकीत उतरण्याआधी काय तपासाल? बाकी सगळ्यांनी 'हवा' लिहिलं होतं. याने लिहिलं होतं, 'बाहेर आपल्यासाठी कोण उभं आहे ते.'

तो पेपर घेऊन मी गेटवरच्या काकांकडे गेले. इतकी वर्षं गेटवर आहेत, सगळ्यांची अक्षरं ओळखतात. त्यांनी कागद हातात घेतलाच नाही. म्हणाले, "अक्षर कशाला ओळखायचं, बाई? तीन नंबरच्या टाकीत उतरायच्या परवानगीचं जुनं परमिट बुक बघा. वरचं पान नका बघू. खालचं, कार्बनचं बघा."

बुक सापडायला दोन दिवस लागले. नऊ वर्षांपूर्वीचं. वरच्या पानावर, आत गेलेले दोन, बाहेर आलेले दोन. पहिला दोनचा आकडा जरा जाड आहे, खाली काहीतरी दडपल्यासारखा. कार्बनच्या पानावर मात्र लिहिलंय, आत गेलेले तीन. खाली सही तुझी. बाहेर पहारा कोणाचा, त्या रकान्यातही तूच.

बाकीचं काकांनी सांगितलं. टाकी साफ करायला कंत्राटदाराने सकाळी नाक्यावरून एक माणूस उचलून आणला होता. ना हजेरीवर, ना गेट पास. आत वाफा कोंडल्या तेव्हा दोर ओढायला बाहेर कोणी नव्हतं. आपले दोघे कसेबसे वर आले. तिसरा आतच संपला होता; त्याला कंत्राटदार मागच्या फाटकाने गाडीत घालून घेऊन गेला. कोणी विचारायला आलं नाही. तू काकांना म्हणालास, "दोन करा," आणि त्यांनी गेटच्या वहीत दोन केले. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

परमिटवर वेळही आहे, अकरा वाजून दहा मिनिटं. तारीख मी तीनदा वाचली. त्या दिवशी माझा सुरक्षा डिप्लोमाचा निकाल लागला होता. मी त्याच वेळी ऑफिसात फोन केला, शिपायाने तुला बोलावून आणलं, आणि आपण अर्धा तास बोललो. तू घाईत होतास. मीच सोडत नव्हते. पहिली आले होते ना.

काल पुन्हा सराव झाला. मी नावं पुकारली, शेवटचं नाव संपलं. वही मी उघडीच ठेवली. एरवी दोन मिनिटं एका जागी न थांबणारी ती माणसं, दादा, त्यांच्यातलं कोणी हललं नाही. कोणी खोकलंसुद्धा नाही. सगळे तसेच उभे, पुढचं नाव ऐकायला थांबल्यासारखे. लंबूच्या कपाळावर घाम होता. तो हळूच म्हणाला, "बाई, अजून एक राहिलंय." माझ्याकडे पुकारायला काही नव्हतं.

सोमवारी तपासणी अधिकारी येणार आहेत. कार्बनचं पान मी त्यांना देणार आहे, आणि त्याबरोबर माझा खोटा अहवालही. त्या दिवशी फोन कोणाचा होता, तेही सांगेन. तुझं काय होईल, माझं काय होईल, मला खरंच माहीत नाही. तू माझ्यावर रागावशील. वहिनी कदाचित माझ्याशी कधीच बोलणार नाही. तू स्वतः येऊन माझ्याशेजारी उभा राहिलास तर मला फार धीर येईल, पण त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. कंत्राटदार मागेच वारला. वर आलेल्या दोघांनी त्या तिसऱ्याला फक्त 'अरे' म्हणून हाक मारली होती. परमिट भरताना तू त्याच्यासमोर उभा होतास, आणि तुझी सवय मला ठाऊक आहे. तू कोणालाही नाव विचारल्याशिवाय आत सोडत नसायचास. दादा, त्याने तुला सांगितलेलं नाव मला लिहून पाठव.

तुझीच,
ठकी