इस्त्रीचा कंपवात

प्रिय दादा,

तू बनवून पाठवलेली मनगटपट्टी मी खोलली आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुझा पारा चढायचा तो इथेच चढेल आणि पुढचं तू शांतपणे वाचशील. स्क्रू सगळे जागेवर आहेत, वायरी कापल्या तशा जोडल्याही आहेत. महिनाअखेरीला बाबांनी तुझ्या गावच्या वृद्धाश्रमात राहायला जायचं, हे ज्या पट्टीच्या जोरावर ठरलं ती आतून दिसते कशी, एवढं बघायचा हक्क मला असावा.

तू आला होतास तेव्हा बाबांच्या हातून कप निसटला आणि तू परत गेल्यावर काही आठवड्यांनी ही पट्टी आली. हालचाल टिपणारा सेन्सर, ते आकडे तुझ्यापर्यंत पोचवणारं वायरलेस मॉड्यूल आणि इवलीशी बॅटरी. बाबांनी ती इमानेइतबारे बांधली. मग तुझा फोन आला, की हात सेकंदाला पाचेकदा थरथरतोय, हा कंपवातच, आजोबांना होता तो. आजोबांच्या हातातल्या कपबशीचा खडखडाट आपण दोघांनीही ऐकलेला, त्यामुळे मीही मान डोलावली. बाबांनी संगणकावर तो आलेख बघितला आणि त्या दिवसापासून ते खरोखरच आजारी पडले. कप दोन्ही हातांनी धरायला लागले. दाढी तूच करून दे, असं मला म्हणाले. जन्मभर चष्मे बनवलेला माणूस, निवृत्तीनंतरही अख्ख्या इमारतीच्या चष्म्यांच्या दांड्या बसवून द्यायचा, त्यांनी बारीक पेचकसांचा डबा उचलून शेजारच्या बाईंना देऊन टाकला. कुठे राहायचं हे तू सांगितलंस, त्यावर ‘बरं’ एवढंच म्हणाले. बाबा वाद न घालता ‘बरं’ म्हणतात, तेव्हा घर कसं होतं ते तुला सांगायला नको.

हात मात्र मला थरथरताना कधी दिसला नाही. आता माझं काम तुला ठाऊक आहे. आमच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायच्या आधी रोज सकाळी एक कोरा नमुना लावतात, म्हणजे ज्यात काहीही नाही असं शुद्ध पाणी. यंत्राला त्यातही काही सापडलं, तर ते पाण्यातलं नाही, यंत्राच्या पोटातलं. नवी माणसं हे विसरतात आणि माझ्याकडून बोलणी खातात. एका सुट्टीच्या दिवशी बाबा अंघोळीला गेले होते, पट्टी टेबलावर काढून ठेवलेली आणि शेजारी गार झालेली इस्त्री. मी पट्टी इस्त्रीच्या मुठीला बांधली आणि आलेख उघडला. दादा, आपल्या इस्त्रीला कंपवात आहे. सेकंदाला पाचेकदा, बाबांच्या आलेखापेक्षा काडीचाही फरक नाही. तुझ्याकडेही तो पोचलाच असेल, बाबांचा म्हणून. बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले, इस्त्रीकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, हिच्यासाठीही एक खोली बघायला सांग त्याला. कित्येक दिवसांनी त्यांनी थट्टा केली. मी त्यांच्यासमोर हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

पुढचं सगळं निवांतपणे केलं, कारण घाईत केलं असतं तर तू विश्वास ठेवला नसतास. आधी वाटलं, जोड सैल असेल. सगळे जोड पुन्हा केले, लांब वायरी आखूड केल्या. इस्त्री थरथरतेच आहे. मग आमच्या प्रयोगशाळेतल्या वीजवाल्याने सुचवलं, वीसेक आकड्यांची सरासरी काढून तीच दाखव. तसं केल्यावर रेघ अगदी गुळगुळीत झाली, पण मला ते पटेना. बाबांचा हात खरंच थरथरत असता तर तोही त्या सरासरीखाली झाकला गेला असता. मला नुसतं समाधान नको होतं, खरं काय ते हवं होतं. म्हणून ती सरासरी काढून टाकली. शेवटी वायरलेस बंद करून साध्या वायरीने आकडे संगणकात घेतले. रेघ सरळ. वायरलेस चालू केलं, थरथर परत हजर. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तू मॉड्यूलला सेकंदाला पाच वेळा निरोप धाडायला सांगितलं आहेस. दर निरोपाला ते बॅटरीतून एवढा मोठा घास घेतं की क्षणभर व्होल्टेज खाली जातं. सेन्सर त्याच ताटात जेवतोय, त्यामुळे त्याचा आकडाही तेवढ्यापुरता हलतो. यंत्र स्वतःच्याच उचक्या मोजत होतं आणि आपण त्यांना आजार म्हणत होतो.

यावर उपाय काय, ते तुलाच विचारणार होते. पण तू तुझं सोल्डरिंगचं सामान कुणाला तरी देऊन टाकल्याचं कळलं. मला नवल वाटलं. लहानपणी तू आईचा रेडिओ खोलायचास तेव्हा तुला जेवायलाही ओढून न्यावं लागायचं. असो. मॉड्यूलच्या अगदी जवळ वीज साठवून ठेवणारा एक बऱ्यापैकी मोठा कपॅसिटर बसवला, म्हणजे त्याची भूक तिथल्या तिथे भागते. आणि आधी आकडा घ्यायचा, मग निरोप धाडायचा, असा क्रम लावला. इस्त्री ठणठणीत बरी झाली. मग पट्टी बाबांना बांधली. थोडंफार हलतं, जिवंत माणसाचा हात हलायचाच, पण त्या ठेक्यात नाही. तेवढ्यावर न थांबता त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी पेल्यातून पेल्यात पाणी ओतायला लावलं, गोल गोल रेघ काढायला लावली, चालून दाखवायला लावलं आणि कंपवाताचं काहीही लक्षण नाही म्हणाले. कप पडला तो ओला होता म्हणून, हे बाबा पहिल्यापासून सांगत होते, आपण ऐकलं नाही. ते स्वतः शेजारी जाऊन पेचकसांचा डबा मागून घेऊन आले. वृद्धाश्रमाची खोली सोडून दे. ते इथेच राहणार आहेत.

एवढंच असतं तर फोनवर दोन मिनिटांत झालं असतं. पण काल वहिनीशी बोलले आणि ती रडायला लागली. पट्टी आमच्याकडे धाडण्याआधी तू ती आठवडाभर स्वतःच्या मनगटाला बांधली होतीस, धडधाकट माणसावर आधी तपासून बघतो म्हणून. त्या आठवड्यानंतर तू हात खिशात घालून वावरतोस. गाडी चालवणं सोडलंस. तपासणीचं नाव काढलं की मला काय ते माहीत आहे म्हणतोस. माझं काही व्हायच्या आत बाबांची सोय लागायला हवी, असंही तिला म्हणालास. दादा, तू कोरा नमुना म्हणून स्वतःला लावलंस आणि आकडे हलल्यावर यंत्रावर संशय घ्यायचा सोडून स्वतःवर घेतलास. मग बाबांचाही आलेख तसाच आला आणि आजोबा, बाबा, तू अशी तुझी खात्रीच पटली. इतके महिने एकट्याने हे उरावर घेऊन बसलास, याचा मला फार राग आला आहे आणि त्याहून जास्त वाईट वाटतंय. फोनवर तू हसून विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे, हव्या तितक्या वेळा वाच. तो आलेख तुझ्या हाताचा नव्हता. माझ्यावर नको विसंबू, मी पाणी तपासते, माणसं नाही. डॉक्टरकडे जा, उद्याच जा, वहिनीला सोबत ने. आणि गाडी तू चालव.

तुझीच,
धाकटी