वळ्या पडल्याच नाहीत

३ फेब्रुवारी
आजचाही मेंदू वाया गेला! खरा नव्हे, जेलीसारख्या मऊ जेलचाच तो. साच्यातून काढला, वरून पातळ थर चढवला, द्रवात बुडवला आणि दिवसभर बघत बसले. वरचा थर भराभर फुगतो, आतला भाग त्याला धरून ठेवतो. मग वरच्याला जागा पुरत नाही आणि तो दुमडतो. खऱ्या मेंदूलाही वळ्या पडतात त्या अशाच रेटारेटीतून. आजचा मात्र सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत — थर जाड झाला होता. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "हूं." त्यांचं सगळं शास्त्र त्या एका हुंकारात.

६ फेब्रुवारी
दादा-वहिनी जेवायला. वहिनीला सातवा सरत आलाय. मी तिला वळ्यांचं पुराण लावलं — बाळाच्या डोक्यात आत्ता काय ओढाताण चालली असेल! दादा म्हणाला, "हिचं नमनालाच घडाभर तेल." वहिनी मात्र हनुवटीला हात लावून ऐकत होती.

१० फेब्रुवारी
जेल पुन्हा फुकट.

१५ फेब्रुवारी
सोनोग्राफीत शंका आली म्हणून वहिनीच्या पोटातल्या बाळाचा एमआरआय काढला; दादाने त्याची चित्रं फोनवर पाठवली. "डॉक्टर परवा बोलणार आहेत. तू बघ ना, तुझाच विषय."

बघितली. एव्हाना जिथे वळ्या दिसायला हव्यात, तिथे काहीच नाही. सपाट. मी डॉक्टर नाही, मला काय कळतंय, असं स्वतःला बजावलं. पण हेच तर कळतं मला! दुसरं येतं काय?

तेवढ्यात वहिनीचा फोन. "बघितलंस?"

"हो. ठीक आहे सगळं," म्हणाले आणि ठेवला.

१६ फेब्रुवारी
कामावर गेले नाही. आई बाळाची टोपी विणतेय. "डोकं केवढं धरू गं?" म्हणाली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. देव असेल तर त्याचं तोंड बघायचं नाही मला.

१७ फेब्रुवारी
डॉक्टरांनी सांगितलं. तेच. दादा आतल्या खुर्चीतून उठेचना. बाहेर बाकावर वहिनी एकटी होती. म्हटलं, मी खोटं बोलले गं.

"माहितेय," म्हणाली. "खरंच ठीक असतं तर तू तासभर बोलली असतीस. एका वाक्यात फोन ठेवलास, तेव्हाच रडून घेतलं मी."

मग थोडी सरकली. "आता बस इथे. पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."