उंद्रीत अडकलेली नडगी

१८ मार्च
ही वही सलीमचाचाने दिवाळीनंतर आणून दिली. "पडून पडून काय करशील, लिही काही." रोज उद्यावर ढकललं. वहीवर चहाचे कप ठेवून गोल डाग पडले, अक्षर एक नाही. आज बसलो, कारण आज डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला अन् म्हणाले, हाड जुळलं नाही.
एवढे महिने पडून राह्यलो ते

१९ मार्च
काल चाचीने जेवायला हाक मारली, राहूनच गेलं.
मी जळगाव जामोदचा. कापसाच्या दिवसांत जिथं गाडी भरते तिथं जायचं, वर चढून कापूस तुडवायचा, गाडी निघाली की आपण पुढच्या गावी. उंद्रीत चाचाच्या टेम्पोवर होतो. खालून लग्नाची वरात चालली. बॅन्ड लय भारी. पाहता पाहता पाय काठाबाहेर पडला. उजवी नडगी खटकन.
दुसरा असता तर दवाखान्यात टाकून गेला असता. चाचा म्हणाला, "माह्या गाडीवरून पडला, माह्याच घरातून चालत जाईन."
पण माझा पाय एका जागी ठरतो कुठं? महिनाभरात प्लास्टर विळ्यानं कापलं अन् गावातल्या नामाबाबाकडून चोळून घेतलं. बाबा लचक, मुरगळा काढतो. पैसा घेत नाही. नारळ फोडतो, अर्धा आपल्यालेच परत देतो. माणूस सोन्यासारखा. पण चोळण्यानं जुळत आलेलं हाड हललं. मग दुसरं प्लास्टर.

२३ मार्च
पुन्हा चिखलीला. डॉ. म्हणाले, अल्ट्रासाउंड लावून पाहू.
चाचा : "सोनोग्राफी? पोट्ट्याच्या नडगीत पोरगा हाय का पोरगी, ते पाहाचं का?"
डॉ. हसले. "ते सांगणं गुन्हा आहे. हे मशीन चित्र काढत नाही, हाडापर्यंत बारीक लहरी सोडतं."
मी विचारलं, मग पहिल्याच दिवशी काऊन नाही लावलं? म्हणाले, ताजी साधी मोड प्लास्टरनंच जुळते, तिथं मशीनचा फारसा उपयोग दिसत नाही. हाड सरळ रेषेत आहे, फट लहान आहे, पू नाही, नीट बांधलंय तरी जुळणं रखडलंय, अशा वेळी करून पाहायचं. वर हेही म्हणाले, "खात्री देत नाही. आम्हा डॉक्टरांतही यावर वाद आहेत. नाही जमलं तर कमरेचं हाड घेऊन ऑपरेशन."
कंबर शेकायचं अल्ट्रासाउंड मशीन निराळं, ते लावू नको म्हणाले. अन् खर्रा बंद. तंबाखूनं हाड उशिरा जुळते.
हे मले आजच कळलं.
नाही जुळलं तर? काठीवाल्याले कापसावर कोण चढू देईन?

४ एप्रिल
दवाखान्यात प्लास्टरला खिडकी कापली, मशीन घरी न्यायला दिलं. तिथं थंड जेल, त्यावर छोटा ठोकळा, वरून पट्टा. रोज वीस मिनिटं. काहीच वाटत नाही.
"चाची, हे चालू हाय की बंद?"
"दिवा लागला न, मंग चालूच. गप पड."
चाची दुपारच्या नमाजाआधी पट्टा बांधते, नमाज झाली की सोडते. मी घड्याळ पाहत नाही.
खर्र्यासाठी जीव जाऊन राह्यला. चाची गूळ-शेंगदाणे देते. खिसा भरलेला, तोंड चालू.

२९ एप्रिल
अंगणात माणसं. औंदा कापूस पेरावा का सोयाबीन, हाच विषय. मागच्या साली बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली. कोणी म्हणालं, "बीटीवर अळी येत नाही, असं पाकिटावर लिहेल होतं." चाचा : "अळीले वाचता येते का बे?" सगळे हसले. त्याचाही टेम्पो औंदा किती भरणार? तरी माझ्या पुढ्यातलं दूध कमी झालं नाही.
शेगावले जावंसं वाटते. चाचा म्हणतो, "जुळू दे. मीच स्टेशनवर सोडतो, मंग पळ कुठं पळाचं ते."
घरीही मले इतके दिवस कोणी सहन केलं नव्हतं.

२१ मे
मागच्या एक्स-रेत एका बाजूला ढगासारखं काही धरलंय. डॉ. म्हणाले, तेच नवं हाड. दुसऱ्या बाजूची काळी रेघ तशीच. उद्याच्या एक्स-रेवर ठरणार, मशीन की ऑपरेशन.
चाची म्हणाली, "आपरेशन निघालं तरी इथूनच जाशील अन् इथंच येशील." मी मान फिरवून भिंतीवरची पाल पाहत बसलो. पाल नव्हती.

लिहिता लिहिता फाटक वाजलं. नामाबाबा! हात गमछ्यात, मनगट टम्म फुगलेलं. म्हशीनं गोठ्याच्या खांबावर ढकललं म्हणे, आज सकाळी. दारातच उभा. गल्लीत कोणी नाही हे पाहून हळूच म्हणतो,
"बापू, ते मशीन जरा मले लाव. गावात बोलू नको."
चाची पाणी घेऊन निघाली. बाबाले आधी बसवतो. मग कसं सांगू, की ताज्या मोडीवर हे नाही, बाबा, आधी प्लास्टर, उद्या आमच्यासंगं टेम्पोत