बाबांच्या डब्यातल्या गोळ्या

वायोमिंग, ऑक्टोबर

प्रिय ब्रिन,

डबा उघडलास आणि कपाळाला आठ्या पडल्या ना? बाबांच्या बंदुकीच्या गोळ्या कुठे गेल्या म्हणून फोन करू नकोस. तोंडावर बोललो की आपण दोघी भांडतो, म्हणून लिहितेय. आधी वाच, मग भांड.

पहिलं एल्क हरीण बाबांच्याच गोळ्यांनी मारणार म्हणालीस आणि मी त्या डब्यातून काढून घेतल्या. अगं, त्या टणक तांब्याच्या. झाडीत, जवळून मारल्या की खांद्याचं हाड फोडून आत जातात. बाबांची सारी शिकार तशीच झाली. पण तू दरीपलीकडे मारणार. तिथवर जाता जाता गोळीचा वेग मरतो, ती उमलत नाही, म्हणजे आत शिरून फुलासारखी पसरत नाही. सुईसारखी आरपार जाते आणि जनावर पळत सुटतं. बाबांनी आयुष्यात एकदाच इतक्या लांबून बार टाकला. नर डोंगरापलीकडे पळाला, वरून बर्फ सुरू झालं. सोबत असलेले वेडकाका म्हणाले, "व्हर्ल, सोड रे, उद्या बघू." तर हे म्हणाले, "मी जखमी केलंय, मीच संपवणार. तू जा, अर्लीनला सांग, जेवण गरम ठेव."

मी ठेवलं. रात्रभर ठेवलं. ते आलेच नाहीत.

परवा गोळ्या आणायला गेले तर दुकानदार ऑर्विल दात काढत म्हणाला, "काय अर्लीन, म्हातारपणी शिकार?" म्हटलं, "आधी तुझ्या जिभेवर नेम धरते." त्याच्या मऊ गोळ्या भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर मारून पाहिल्या; लांबून छान उमलल्या, पण जवळून मारल्या तर वरच्यावर चुरा. हाडापुढे काय टिकणार, कपाळ! शेवटी डब्यातली ही निवडली, आत शिसं, वर जाड कवच. बाबांच्या काडतुसं भरायच्या यंत्रावर मीच भरल्यात. चारशे वार अंतरापर्यंत नीट उमलते, मी मारून पाहिलंय. त्यापुढचा नर कितीही देखणा असो, त्याला जाऊ दे.

तुला अडवून तू अडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. आणि इतकं करूनही जनावर जखमी होऊन पळालं, तर तूही त्याच्या मागे जाशील. त्यांचीच लेक तू. मग जा बाई. पण शनिवारी पायवाटेच्या तोंडाशी माझी गाडी दिसली तर चिडू नकोस. बूट चढवून मी तुझ्यामागून येणार आहे. मला भीती वाटते, ब्रिन, खूप वाटते. जेवण गरम ठेवून वाट पाहणं एकदा झालं. पुन्हा माझ्याच्याने व्हायचं नाही.

तुझीच हट्टी,
आई