दार वाजलं तर

१ डिसेंबर
शीतगृहांत, गोदामांत राबणाऱ्या भावाबहिणींनो, माल आत कसा रचायचा हे आपल्याला पहिल्याच दिवशी शिकवतात; माणसाने बाहेर कसं यायचं हे कुणी शिकवत नाही.

बघा, रोजनिशीचंही भाषण झालं. कामगार सभांची सवय जात नाही. पण आज मी खुशीत आहे. तुर्भ्याच्या या मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. सानपाड्यात खोली मिळाली. मालक प्रीतमशेठ हसतमुख, चहा आलं घालून. कामगारांना मी पहिला धडाही दिला: थंड खोलीचं दार उघडं दिसलं की लगेच लावायचं, बाहेरची लादी निसरडी होते.

४ डिसेंबर
दुपारी तीन नंबरच्या खोलीचं दार आतून वाजलं. मी धावलो, तर कोळंबी सोलणाऱ्या गोजराबाईने हात धरला. “सदू हाय तो. उघडू नको, दादा.” सदू इथला हमाल. गेल्या वर्षी दाराची आतली कडी गोठली आणि तो आतच गारठून मेला. मी दार उघडलं. कुणी नव्हतं. बर्फ तडकला असेल. फोर्कलिफ्टवाल्या मितेशने विचारलं, सदूने साहेबांना पापलेट दिलं की बोंबील? सगळे हसले, मीही.

९ डिसेंबर
कडी दुरुस्त केली, असं शेठ म्हणाले होते. आत जाऊन पाहिलं. दुरुस्त आहे, पण तारेने करकचून बांधलेली. कामगारांनीच बांधली, सदू बाहेर पडू नये म्हणून. दार वाजलं की हात जोडायचे. अमावास्येला ते उघडायचंच नाही, वाजलं तर उंबऱ्यावर नारळ फोडायचा. शेठ म्हणाले, लोकांच्या श्रद्धेत आपण पडू नये. मेलेल्याला कोंडायला जिवंतांची वाट बंद करायची, आणि मालकाने त्याला श्रद्धा म्हणायचं. ही तार मी सोडवणार.

१९ डिसेंबर, अमावास्या
आज तीन नंबरमध्ये काम नाही, म्हणून पक्कड घेऊन आत आलो. दार उघडं राहावं म्हणून क्रेट लावला होता. कुणीतरी क्रेट सरकवून दार लावलं. माझाच धडा.

मोबाइलला रेंज नाही. तार बर्फात रुतलीय. पक्कड बोटांत ठरत नाही.

दार वाजवलं. ओरडलो, नाव सांगितलं. दार वीतभर जाड. नाव पोचत नाही, ठोकाच पोचतो.

पुन्हा वाजवलं —

बाहेर उंबऱ्यावर काहीतरी आपटलं. फुटलं.

नारळ. माझ्यासाठी.

आता उद्याशिवाय कुणी —

बोटं कळत नाहीत. वाजवायचं थांबलो.

ठोके थांबले नाहीत. माझ्या शेजारून —

तोही बाहेरच पडायला बघतोय. इतकंच —

भावाबहिणींनो, एकच करा. दार आतून वाजलं तर हात जोडू नका. उघडा. सदू असला तरी उघ