निळ्या बाह्या

९ जाने., मालेगाव
सुजाताचा स्कायडायव्हिंगचा सूट पेटीतून काढला. बाह्या केशरी. तो जुन्या संघाचा रंग. त्यांनी तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली, फोन करून सांगितलं, चांगलं बोलल्या. नव्या संघाच्या बाह्या निळ्या. चौघींचे सूट एकसारखे लागतात.
"आई, रंग बदलून दे."
तिचा डावा पाय उशीवर. घोटा अजून सुजलेला. ऑक्टोबरात उडीनंतर उतरताना पाय चुकीचा टेकला, तेव्हापासून.
सूटच्या गुडघ्यांवर त्या मैदानाची माती होती. धुतली.

११ जाने.
अकोल्याला डॉक्टर. आम्हा दोघींसमोर सांगितलं. घोट्यातलं हाड आतून मरतंय. सांधा कायमचा जाम करावा लागेल. "चालाल. उडी विसरा."
सु.ने विचारलं, बाहेर जायचा दरवाजा कोणता.
एसटीत ती खिडकीशी. पातूर मागे पडल्यावर बोलली.
"नायलॉनले रंग चढते का वं आई?"

१३ जाने.
कारंज्याला रंगाऱ्याकडे. एकटी गेले. त्यानं शिवणीतून एक दोरा ओढला, काडीनं जाळला. दोऱ्याचा मणी झाला.
"हे सुती नाही, बाई. आन् केशरीवर निळा टाकला त चॉकलेटी होते. मी रंगारी हाय, जादूगार नाही."
परतताना सूट मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, रेनकोट आहे का. हो म्हटलं.

१७ जाने.
शेषराव टेलर. सु.चा शाळेचा गणवेश यांनीच शिवला होता. त्यांच्याकडे निळं पातळ नायलॉन निघालं. केशरी बाह्या उसवायच्या, निळ्या लावायच्या. फक्त रंग, बाकी काही नाही, असं सांगितलं.
"पोरगी परत उडून राह्यली म्हना."
"बाह्या लावा, शेषराव."
"लावतो. पायाचं मले काय समजते."

२१ जाने.
सूट आला. शिलाई देखणी. बाह्या निम्म्या रुंदीच्या.
शेषराव खूश. "लय ढगळ होत्या मॅडम. कोनी मापच घेतलं नोतं पोरीचं. आन् बाहीवर ते फुगीर पट्टे कायले होते? काढून टाकले. आता कशी चापून बसते पाहा."
ढगळ बाही हवा धरते. पट्टे बाकीच्या तिघींना हवेत पकडायला असतात. मी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, सांगायचं काय त्यात. चाळीस वर्षं माणसांचे कपडे नीट बसवलेला माणूस. त्यानं नीट बसवला.
पट्टे त्यांनी गोधडीवालीला देऊन टाकले होते. आत भरायला.
सु.ने घालून पाहिला. हसली. कितीतरी दिवसांनी.
"यात त मी दगडासारखी जाईन. तिघी वर राह्यतील, मी खाली."

२४ जाने.
सु. स्वतः दुकानात. कुबडी शिलाई मशीनला टेकवलेली. शेषरावांचा हात कोपराखाली घट्ट पकडून दाखवला, पट्टा किती जाड हवा ते.
"हळू वं माय. कैची धराची हाय त्या हातानं."
"हवेत याच्याहून जोरात धरतात, काका."
"पह्यलेच सांगाचं ना. ढगळ हेच फिटिंग, असं कोनतं गिऱ्हाईक म्हनते?"
नवीन बाह्या पुन्हा बेतल्या. जुन्या केशरी मापाला ठेवून. पट्ट्यांत स्पंज.
तिथे अर्धा तास ती पूर्वीसारखी होती.

२७ जाने.
बाह्या बरोबर आल्या. ढगळ, निळ्या. पट्टे जागेवर.
दुपारी नव्या संघाच्या कॅप्टनचा फोन. सु.ने तिला पाय मुरगळला एवढंच सांगितलंय. हे मला आज कळलं. कॅप्टनला व्हिडिओ हवा. सूट घालून दहा पावलं धावताना. उद्यापर्यंत, नाहीतर दुसरी मुलगी आहे.
मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले ना...
"मले मालूम हाय. मी तिथंच बसली होती."
अकोल्यानंतर पहिल्यांदा तो विषय निघाला. भाजी करपली.

२८ जाने.
अंगण. सूटचा पाय बुटावरून ओढून घ्यायचा असतो. डावा बसेना. टाचेकडे कापला.
फोन मी धरला. दोन पावलं. तिसऱ्याला हात भिंतीला. पुन्हा. पुन्हा. पाचव्यांदा ती खाली बसली. मी जवळ गेले तर "तिथंच उभी राह्य."
मग म्हणाली, "कंबरेच्या वरचंच घे."
घेतलं. एका जागी उभी राहून तिनं हात हलवले, खांदे हलवले. सात सेकंद. कंबरेच्या वर ती धावते. सुंदर धावते.
तिनं दोनदा पाहिलं. फोन माझ्या हातात दिला.
"तू पाठव."
आत गेली.

संध्या. कॅप्टनचा निरोप: वाट पाहतेय.
व्हिडिओ अजून माझ्याकडेच. पाठवला का, हे सु.ने एकदाही विचारलं नाही. दार उघडं आहे, पलंगावर बसलेली दिसते.
सूट अंगावरच आहे.