सतरंजीचे दुसरे टोक

मृत्युपत्र लिहून ठेवणार: शरणप्पा चंद्रप्पा शेटकार, वय चौऱ्याहत्तर, धंदा भांड्यांचे दुकान, राहणार मोंढा रोड, उदगीर, जिल्हा लातूर.

हे मी कुणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. माझे डोके जागेवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी पत्नी मल्लम्मा हिला तो वाचून हसू आले, पण तिने लेखी हरकत घेतलेली नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. खाली लिहिलेली मिळकत माझ्या स्वकष्टाची असून ती कुणाला द्यायची हे ठरवण्याचा मला पूर्ण अधिकार आहे.

१. राहते घर मल्लम्मा आहे तोवर तिचे. तिच्यामागे मुलगा रुद्रेश आणि नांदेडला दिलेली मुलगी सुकन्या यांनी ते निम्मे निम्मे घ्यावे. लेकीला साडीचोळी केली की पुरे, असे सांगणारी भावकी येईल. तिला जेवू घालावे, सल्ला घेऊ नये. दुकान रुद्रेशचे. बँकेतली ठेव मल्लम्माची. त्यातून तिने आधी श्रीशैलमला जाऊन यावे. दरवर्षी दुकानापायी ते राहून गेले, आणि दरवर्षी तिने ते मला ऐकवले.

२. मोंढ्यामागचे माझे गोदाम, ज्यात आमचे कलामंडळ चालते, ते रुद्रेशला मिळणार नाही. तिथे मंगल कार्यालय काढावे असे त्याचे म्हणणे आहे. पोरगा व्यवहाराला पक्का आहे, माझ्यावरच गेला आहे. पण लग्नाला उदगिरात जागा ढीगभर आहेत. कुणाच्याही पोरापोरीने आत यावे आणि नाटकाची तालीम करावी, अशी जागा ही एकच आहे. ती गेली तर ही पोरे पुन्हा एकत्र येणार नाहीत, याची मला धास्ती वाटते. म्हणून हे गोदाम मी कलामंडळाच्या विश्वस्त संस्थेला देतो. विश्वस्त म्हणून मंडळातल्याच ऋतुजा, आदिनाथ आणि नसरीन या तिघांना नेमतो. तिघांचे वय मिळूनही माझ्याएवढे होत नाही, हे मला माहीत आहे.

३. असे का, हे घरच्यांना कळावे म्हणून लिहितो. हे मंडळ मी आणि किराणा दुकानदार मलप्पा बिरादार, आम्ही मिशा फुटायच्या वयात काढले. पुढे आम्ही ज्येष्ठ झालो आणि एक रीत पडली: नाटक ज्येष्ठांनी खुर्चीवर बसून ठरवायचे आणि सतरंज्या पोरांनी घालायच्या. हलगीवाल्यांनी तर दाराबाहेरच वाजवायचे. दरवर्षी नवी पोरे यायची आणि हंगाम संपला की नाहीशी व्हायची. मग आम्ही चहा पीत मोबाईलला नावे ठेवायचो.

तीन वर्षांमागे हलगीवाल्या सटवाजीची मुलगी ऋतुजा भर सभेत उभी राहिली. म्हणाली, "अप्पा, सतरंजी आम्ही घालायची आन् नाटक तुम्ही ठरवायचं. मंग आम्ही कलाकार का हमाल? इथून पुढं जो सतरंजी घालंल नाहीतर घडी करंल, त्यालाच मत."

मलप्पा तेव्हा अध्यक्ष होता. तो दरवर्षी बसव जयंतीला कायकावर भाषण करतो, हाताने केलेले काम हीच पूजा म्हणून टाळ्या घेतो. तो ताडकन म्हणाला, "म्हंजे आता म्या सतरंजी उचलायची का?"

कोपऱ्यातून आदिनाथ शांतपणे बोलला, "हाव काका. दुसरं टोक म्या धरतो."

आदिनाथ चाकाच्या खुर्चीवर असतो. सभा हसली. मलप्पा चप्पल घालून जो गेला तो परत आला नाही.

मी मात्र त्याच दिवशी सतरंजी उचलली. मल्लम्माने घरी माझ्या कंबरेला तेल लावता लावता विचारले, "मत कुठं दुखतंय म्हणालात?" त्या वर्षी माझे मत ज्या नाटकाला होते ते पडले. पोरांनी निवडलेले झाले. ऋतुजाने लिहिले, नसरीनने त्यातली सासू दखनी बोलीत केली, हलगी आत आली, आणि मंचाला उतार बांधला. रेल्वेपलीकडच्या वस्तीतले जे लोक आमच्याकडे कधी फिरकत नव्हते, ते पाहुणे घेऊन आले. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. मल्लम्माला हे माहीत आहे.

४. म्हणून अट एकच, आणि ती कुणी बदलू नये: सतरंजीला हात लावला त्याला मत. जात, धर्म, शिक्षण विचारू नये. वयाची अट वरूनही नाही, खालूनही नाही. ज्याला वाकता येत नाही त्याने कोपऱ्यावर बसून सतरंजी सरकू देऊ नये, तेही काम धरावे. आदिनाथ टोक मांडीवर घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुसाट जातो, त्याला कुणी हळू जा म्हणू नये.

५. अध्यक्षांची सागवानी खुर्ची यापुढे नाटकातल्या राजाला द्यावी. तिसरी घंटा देण्याची पितळी घंटा माझ्या दुकानातली आहे. ती तालमीला सर्वांआधी येईल त्याने वाजवावी. रुद्रेशनेही यावे. मत मिळेल, गोदाम मिळणार नाही.

६. मलप्पा बिरादार यास या मृत्युपत्रान्वये काहीएक द्यायचे नाही. खुर्ची नाही, घंटा नाही, दुकानातला पेलासुद्धा नाही. तो तालमीच्या वेळी समोरच्या टपरीवर बसतो आणि एक कप चहा तालीम संपेपर्यंत पुरवतो. खिडकीतून संवाद ऐकून हसतोही. आम्ही सगळे पाहतो. तरीही त्याला काही मिळणार नाही.

७. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम सुकन्याने करावे. ती कुणाच्या दबावाला बधत नाही, तिच्या नवऱ्याला विचारावे.

८. वकीलसाहेबांनी मला सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. ते ऐकून मी कलम सहा लिहिले. खरे तर मलप्पाला पुष्कळ द्यायचे होते, पण मला तो साक्षीला हवा आहे. हे मंडळ आम्ही दोघांनी मिळून काढले, तर ते पोरांच्या हाती देताना त्याने समोर असावे, एवढीच माझी इच्छा आहे. सह्या गोदामातच, सतरंजीवर बसून होतील. बोलावणे आदिनाथ घेऊन जाईल.

ठिकाण: मोंढ्यामागचे गोदाम, उदगीर
दिनांक: ३० एप्रिल २०२५, बसव जयंती

सही: शरणप्पा चंद्रप्पा शेटकार

आम्हा दोघांसमक्ष वरील सही झाली, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या:

साक्षीदार १: डॉ. मंजुश्री पाटील

साक्षीदार २: मलप्पा बिरादार
(स्वहस्ते: सही केली. उठताना सतरंजीची घडी घातली, दुसरं टोक आदिनाथनं धरलं. पुढच्या नाटकाला माझं एक मत हाय, ते लिहून घ्यावं.)